लेस्टरमध्ये भाड्याच्या घरासाठी कर्ज काढताना

इंग्लंडमध्ये स्वतः राहायच्या घराचे कर्ज देताना बँक प्रामुख्याने अर्जदाराचा पगार पाहते, तर भाड्याने द्यायच्या घराचे कर्ज देताना ती प्रामुख्याने त्या घराचे भाडे पाहते. मी आणि माझ्या पतींनी २०२५ मध्ये लेस्टर शहराच्या पश्चिम भागात दोन शयनगृहांचे एक जुने टेरेस घर, म्हणजे रांगेतील, शेजारच्या घरांना भिंतीने जोडलेले घर, कंपनीच्या नावाने विकत घेतले. त्या व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका फरकातून कसा ठरत गेला, हे मी येथे आकड्यांसह लिहीत आहे. येथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत हा विषय निघतो आणि बहुतेक वेळा चर्चा व्याजदराभोवतीच फिरत राहते, म्हणून आकडे मुद्दाम सविस्तर देत आहे.

या कर्जाला येथे ‘बाय-टू-लेट मॉर्गेज’ म्हणतात. भाड्याने घरे देणाऱ्या एजंटांच्या संघटनेने काही कर्जदात्या संस्थांना बरोबर घेऊन १९९६ मध्ये ही योजना बाजारात आणली. त्यापूर्वी, १९८८ च्या गृहनिर्माण कायद्यामुळे, मुदत संपल्यावर घर परत ताब्यात मिळण्याची खात्री मालकाला आणि पर्यायाने त्याला पैसे देणाऱ्या बँकेला मिळालेली होती. आज हे काम मोठ्या बँकांच्या स्वतंत्र उपकंपन्या करतात, तसेच केवळ घरमालकांनाच कर्ज देणाऱ्या विशेष संस्थाही करतात. यांपैकी काही संस्था थेट ग्राहकाशी व्यवहार करत नाहीत, त्यामुळे आम्ही आरंभीच या क्षेत्रात काम करणारा ब्रोकर गाठला. पहिल्या भेटीत त्यांनी आमच्या पगाराचा प्रश्न दोन मिनिटांत संपवला आणि उरलेला सगळा वेळ “त्या गल्लीत भाडे किती येते?” या एकाच प्रश्नाला दिला.

घराची किंमत दोन लाख पौंड होती. अशा कर्जात बहुतेक संस्था किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देतात. म्हणजे कर्ज दीड लाख आणि पदरचे पन्नास हजार, ज्याला येथे डिपॉझिट म्हणतात. एजंटच्या अंदाजाने भाडे महिना ९२५ पौंड येणार होते. येथील नियामकाने २०१७ पासून लागू केलेल्या निकषांनुसार पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या स्थिर दरावर कर्ज घ्यायचे असेल, तर प्रत्यक्ष दर कितीही कमी असला तरी किमान साडेपाच टक्के व्याज गृहीत धरून ते कर्ज झेपते का हे तपासावे लागते. शिवाय भाडे केवळ त्या व्याजाइतके असून भागत नाही. वरच्या कर-टप्प्यातील व्यक्तीकडून ते साधारणपणे व्याजाच्या १४५ टक्के आणि मूळ टप्प्यातील व्यक्तीकडून किंवा लिमिटेड कंपनीकडून १२५ टक्के असावे, अशी अपेक्षा असते. दीड लाखावर साडेपाच टक्क्यांनी वर्षाचे व्याज ८,२५० पौंड होते. त्याचे १४५ टक्के म्हणजे महिन्याला सुमारे ९९७ पौंड भाडे लागले असते आणि १२५ टक्के म्हणजे सुमारे ८५९. आम्ही दोघेही ५०,२७० पौंडांच्या वरच्या टप्प्यात असल्याने स्वतःच्या नावाने हे कर्ज बसत नव्हते. कंपनीच्या नावाने तेच घर आणि तेच भाडे सहज बसत होते. आमचे पगार कितीही चांगले असले तरी त्यांनी या गणितात मदत केली नाही. उलट, जास्त पगारामुळेच स्वतःच्या नावाची वाट अडली.

कंपनीचा निर्णय केवळ याच कारणाने घेतला नाही. २०१५ च्या वित्त कायद्यातील कलम २४ ने वैयक्तिक घरमालकाला कर्जाचे व्याज खर्च म्हणून वजा करण्याची मुभा एप्रिल २०१७ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेतली आणि एप्रिल २०२० पासून ती पूर्ण संपली. आता व्याजाच्या २० टक्के इतकी करसवलत तेवढी मिळते. वर्षाचे भाडे ११,१०० पौंड, पाच वर्षांच्या स्थिर दराने, म्हणजे ५.२ टक्क्यांनी, व्याज ७,८०० आणि विमा, दुरुस्ती, एजंट वगैरे १,८०० धरले, तर हातात १,५०० पौंड उरतात. स्वतःच्या नावाने घर असते तर ९,३०० पौंडांवर ४० टक्के म्हणजे ३,७२० पौंड कर, त्यातून १,५६० ची सवलत वजा जाता २,१६० पौंड भरावे लागले असते. म्हणजे उरलेल्या रकमेपेक्षा कर मोठा. कंपनीत व्याज हा पूर्ण खर्च धरला जातो आणि लहान नफ्यावर १९ टक्के दराने कर लागतो, त्यामुळे याच १,५०० वर २८५ पौंड होतात. अकाउंटंटची फी आणि पुढे लाभांश काढताना लागणारा कर हे त्यात नंतर मिळवावे लागतात हे खरे; तरीही वरच्या टप्प्यातील माणसाने हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय घर पाहायलाही जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कंपनी नोंदवणे ही सर्वांत सोपी पायरी होती. केवळ मालमत्ता बाळगणे आणि भाड्याने देणे एवढाच उद्देश असलेली कंपनी कर्जदात्यांना हवी असते. दुसरा कोणताही व्यवसाय तिच्यात मिसळलेला त्यांना चालत नाही. नोंदणीच्या वेळी योग्य उद्योग-संकेतांक द्यावा लागतो. आम्ही ६८२०९ दिला. आमचे पन्नास हजार आणि वरचा खर्च आम्ही कंपनीला संचालकांचे कर्ज म्हणून दिला, कारण ती मुद्दलाची रक्कम पुढे नफ्यातून परत घेताना तिच्यावर कर लागत नाही.

वरचा खर्च मात्र लहान नव्हता. कंपनीने घेतलेल्या घरावर, अगदी पहिले घर असले तरी, स्टॅम्प ड्यूटीचा अधिभार लागतो आणि तो ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तीन टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. पहिल्या १,२५,००० पौंडांवर पाच टक्के आणि पुढच्या ७५,००० वर सात टक्के मिळून ११,५०० पौंड झाले. महाराष्ट्रात राहून येथे गुंतवणूक करू पाहणाऱ्या नातेवाइकांनी हेही लक्षात ठेवावे की अनिवासी खरेदीदाराला त्यावर आणखी दोन टक्के भरावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ आणि संयम लागला तो पैशाचा स्रोत दाखवण्याच्या कामाला. आमच्या डिपॉझिटचा मोठा भाग कोथरूडमधील माझ्या नावावरच्या सदनिकेच्या विक्रीतून आला होता. मी अनिवासी असल्याने खरेदीदाराला भारतीय आयकर कायद्याच्या कलम १९५ खाली करकपात करावी लागली, रक्कम एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीच्या खात्यात, जमा झाली आणि तेथून पंधरा-सीए व पंधरा-सीबी ही परदेशी रक्कम पाठवतानाची कर-प्रपत्रे भरून ती येथे आली. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते, त्यामुळे मर्यादेची अडचण नव्हती. अडचण होती ती साखळी सिद्ध करण्याची. काळा पैसा रोखण्याच्या कायद्यांमुळे येथील सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) आणि कर्जदाता दोघेही स्वतंत्रपणे विचारतात की हे पैसे कुठून आले, त्याआधी कुठे होते आणि ती मूळ मालमत्ता कोणत्या पैशातून घेतली होती. विक्रीचा नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, मूळ खरेदीखत आणि दोन्ही देशांतील खात्यांची विवरणे आम्ही दिली. मराठीतील कागदपत्रांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे मागितली गेली. पुण्यातील आमच्या चार्टर्ड अकाउंटंटनी सगळ्या रकमांचा क्रम एका पानावर तारखांसह मांडून दिला आणि माझ्या मते त्या एका पानाने बाकीच्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त काम केले. भारतातील मालमत्तेच्या विक्रीवरचा नफा येथील विवरणपत्रातही दाखवावा लागतो आणि तेथे भरलेल्या कराची वजावट दुहेरी करआकारणीच्या करारानुसार मिळते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही.

कर्जदात्याने नेमलेला सर्व्हेअर घराची किंमत आणि भाडे, दोन्हींचे मूल्यांकन करतो. किंमत आमच्या कराराइतकीच आली, पण भाडे त्याने ९०० धरले. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ दर स्थिर असेल तर साडेपाच टक्क्यांची किमान अट लागू होत नाही आणि आमच्या कर्जदात्याने तपासणी ५.२ टक्क्यांच्या प्रत्यक्ष दरानेच केली. त्या हिशेबाने ८१२ पौंड ५० पेन्स भाडे पुरेसे होते, म्हणून पंचवीस पौंडांची घट आम्हाला बाधली नाही. कोणी अगदी काठावरचे गणित घेऊन उभे असेल तर एवढ्या फरकानेही मंजूर होणारी रक्कम कमी होते आणि डिपॉझिट वाढवावे लागते.

त्या दराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ५.२ टक्के दरासोबत कर्जाच्या तीन टक्के, म्हणजे ४,५०० पौंड, शुल्क होते. ५.७ टक्के दराचा दुसरा पर्याय ९९५ पौंड शुल्कात मिळत होता. पाच वर्षांत व्याजाचा फरक ३,७५० पौंड आणि शुल्काचा फरक ३,५०५; म्हणजे दोन्ही पर्याय जवळजवळ सारखेच. कमी दर आणि जास्त शुल्क अशी रचना बाजारात इतकी दिसते, कारण कमी दरावर भाड्याची तपासणी सहज पार पडते. सप्टेंबर २०२२ मधील सरकारी घोषणांनंतर येथील कर्जाचे दर काही दिवसांत कसे उसळले ते आम्ही पाहिले होते, म्हणून पाच वर्षांच्या स्थैर्याबद्दल आमच्यात दुमत नव्हते.

मनाला खरी तयारी करावी लागली ती दोन अटींसाठी. पहिली अट वैयक्तिक हमीची होती. कर्ज कंपनीचे असले तरी दोन्ही संचालकांनी स्वतः हमी द्यायची आणि त्या हमीचा अर्थ कर्जदात्याशी संबंध नसलेल्या स्वतंत्र वकिलाकडून समजून घेतल्याचे प्रमाणपत्र जोडायचे. त्या वकिलांनी आमच्याशी स्पष्टपणे बोलून सांगितले की कंपनीने पैसे थकवले आणि घर विकूनही कर्ज फिटले नाही, तर उरलेली रक्कम आमच्याकडून वसूल होऊ शकते. मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणजे आपण मोकळे, असा समज घेऊन कोणी या मार्गाने येत असेल तर त्याने हे वाक्य पुन्हा वाचावे.

दुसरी अट परतफेडीची. हे कर्ज प्रामुख्याने केवळ व्याज भरण्याच्या पद्धतीने घेतले जाते. पंचवीस वर्षांनी मुदत संपताना दीड लाख पौंड जसेच्या तसे देणे असतात. कर्ज लवकरात लवकर फेडून सात-बारा किंवा सदनिका निर्वेध करावी, हे ज्या घरांत लहानपणापासून ऐकले जाते, तेथल्या माणसाला ही पद्धत पटणे सोपे नाही, आणि मलाही ती सहज पटली नाही. पण मुद्दलासह हप्ता घेतला असता तर भाड्यातून घराचा खर्चच निघाला नसता. आमच्या करारात दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत मुद्दल दंडाविना भरता येते आणि जेव्हा शक्य होईल तेव्हा ते भरण्याचे आम्ही ठरवले आहे.

धाकटा दीर पदव्युत्तर शिक्षणासाठी लेस्टरला येणार होता, तेव्हा त्याला याच घरात ठेवावे असे घरात सर्वांना वाटत होते. ब्रोकरने करारातील कलम दाखवले: मालक किंवा जवळचे नातेवाईक तेथे राहू शकत नाहीत. हे कर्ज व्यवसायासाठी दिलेले असल्यामुळे स्वतःच्या घराच्या कर्जाला मिळणारे ग्राहक-संरक्षण त्याला लागू होत नाही, आणि कुटुंबातील व्यक्ती राहू लागली की कर्जाचे स्वरूपच बदलते. दिराने विद्यापीठाजवळ खोली घेतली. थोडी नाराजी झाली, पण नियम मोडून कर्जच संकटात टाकणे योग्य नव्हते.

इतर अटी लवकर पूर्ण झाल्या. घर ऊर्जा किती कार्यक्षमतेने वापरते हे दाखवणाऱ्या प्रमाणपत्राची (ए ही सर्वांत चांगली श्रेणी) किमान श्रेणी ई असावी लागते. आमचे घर डी श्रेणीत आहे. लेस्टरमध्ये काही भागांत २०२२ पासून भाड्याच्या घरांना पालिकेचा परवाना लागतो, त्यामुळे पत्ता त्या नकाशात येतो का हे सॉलिसिटरने पाहिले. खरेदी पूर्ण झाल्यावर कर्जाची नोंद कंपनी निबंधकाकडे २१ दिवसांत करावी लागते. तीही सॉलिसिटरनेच केली. घर अखेर ९२५ पौंडांनाच भाड्याने गेले. पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही आणि ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, तशी आम्ही केली.

त्यानंतर २७ ऑक्टोबर २०२५ रोजी भाडेकरूंच्या हक्कांच्या नव्या कायद्याला राजमान्यता मिळाली आणि इंग्लंडमध्ये कारण न देता घर रिकामे करून घेण्याची कलम २१ ची तरतूद १ मे २०२६ पासून रद्द करण्याचे ठरले. भाडेकरूच्या बाजूने पाहिले तर ही सुधारणा आवश्यक होती, असे मला मनापासून वाटते. मूल शाळेत जाणाऱ्या कुटुंबाला दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडावे लागू नये. मालकाच्या बाजूने तिचा अर्थ असा की घर विकायचे असल्यास ठरावीक कारण, ठरावीक मुदत आणि पुरावा लागणार, आणि भाडेही वर्षातून एकदाच ठरलेल्या पद्धतीने वाढवता येणार. म्हणून आम्ही कंपनीच्या खात्यात सहा महिन्यांच्या व्याजाइतकी, म्हणजे ३,९०० पौंडांची, रक्कम वेगळी ठेवली आहे. भाड्याच्या घरांसाठी ऊर्जेची किमान श्रेणी २०३० च्या सुमारास सी करण्याकडे सरकारचा कल आहे आणि आमच्या स्थिर दराची मुदतही २०३० मध्येच संपते, त्यामुळे संचालकांचे कर्ज परत घेण्याआधी पोटमाळ्याचे आणि भिंतींचे उष्णतारोधक काम करून घ्यायचे, असे आम्ही दोघांनी कंपनीच्या पहिल्याच बैठकीत लिहून ठेवले आहे.