सहाचा सराव, सहाची ओहोटी

प्रश्न एकच असतो, विचारणारे बदलतात. मामी विचारते, कॉलेजातल्या मैत्रिणी विचारतात, संघातल्या लहान मुली तर दर आठवड्याला: "ताई, तू खो-खो खेळतेस ना, मग ते समुद्रातले विचित्र प्राणी कशाला बघत बसतेस? नक्की व्हायचंय काय तुला?" घाईत काहीतरी सांगून मी निघून जाते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

आमचा सराव सकाळी सहाला असतो. आणि अलिबागच्या आजीने मला लहानपणीच भरतीचा हिशेब शिकवून ठेवलाय. कुलाबा किल्ल्यात पाय न भिजवता जायचं असेल तर तिथल्या माणसाला तो यावाच लागतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराच्या आसपास, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला. आणि पाणी सगळ्यात लांब ओसरतं ते त्याच दिवसांत, उधाणाच्या. हाजी अलीचे खडक पार खालपर्यंत उघडे पडतात. त्यामुळे सरांच्या हजेरीवहीत माझे सगळे खाडे पौर्णिमा-अमावस्येला लागून आहेत. सरांनी एकदा ती वही माझ्यापुढे ठेवली आणि काही न बोलता बघत राहिले. मी म्हटलं, "सर, पुढच्या अमावस्येला तुम्हीच चला."

सर आले. अर्धा तास काहीच दिसलं नाही. खडकांवर हिरवट मऊ गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड नावाचे प्रवाळाच्या जातकुळीतले प्राणी, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, बस. सर सारखे घड्याळाकडे बघत होते. मग गुडघाभर पाण्याच्या एका डबक्यात मला ऑक्टोपसचा डोळा दिसला. फक्त डोळा, कारण बाकीचं अंग खडकाच्याच रंगाचं होतं. सर वाकले, त्यांची सावली पाण्यावर पडली आणि पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. पाण्यात काळा गोळा सुटला, सरांची नजर त्या गोळ्यावर गेली, आणि ऑक्टोपस फिकट पडून उलट्या बाजूच्या कपारीत शिरला. त्या शाईत चिकट पदार्थ असतो, म्हणून ती लगेच पसरत नाही, थोडा वेळ गोळा धरून राहते. शिकाऱ्याला वाटतं, प्राणी तिथेच आहे.

सर उठले आणि म्हणाले, "हूल दिली की गं त्याने."

अगदी हेच! खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. पळणारीला सगळं मैदान मोकळं. म्हणून आमची सगळी मेहनत एवढ्याचसाठी असते की खांदा एकीकडे न्यायचा, तिला दिशा घ्यायला लावायची आणि आपण दुसरीकडे निघायचं. मी हे आठ वर्षं घोटतेय. तो प्राणी ते रंगासकट करतो. त्याच्या कातडीतल्या रंगाच्या पिशव्या स्नायूंनी ताणल्या जातात, म्हणून रंग क्षणात बदलतो.

त्याला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं ते अंगभर फिरवतं. आणि तो पोहायला लागला की हे तिसरं थांबतं. म्हणून पोहून तो लवकर दमतो, शक्यतो सरपटतच जातो. संरक्षणात, म्हणजे पळायची पाळी असताना, तिसऱ्या मिनिटाला छाती फुटायची वेळ येते तेव्हा मला हटकून त्याची आठवण येते.

आता दुसरं. हे मी फार कुणाला सांगितलेलं नाही. 2024 च्या पावसाळ्यानंतर एका सामन्यात खांबाजवळ वळताना माझा गुडघा आतल्या आत फिरला. एसीएल तुटला, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट. हा लिगामेंट तुटला की आपोआप जुळत नाही. मांडीच्या मागच्या बाजूचा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून तिथे बसवला. शरीर त्यात नव्याने रक्तवाहिन्या विणत जातं, आणि ते होईपर्यंत पाय बरा वाटला तरी पळायचं नाही. नऊ महिने. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी ते उशीवर पाय ठेवून बघितलं. आनंदाने रडले आणि नुसतीच रडलेसुद्धा.

खडकांवर शेवाळ असतं, त्यामुळे समुद्रही बंद होता. मग वाचत बसले. जपानमधल्या दोन संशोधकांनी 2021 मध्ये एक गोष्ट जगापुढे आणली. एलिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीचं डोकं स्वतःच धडापासून सुटतं. हृदय मागे धडात राहतं. डोकं एकटं सरपटत शेवाळ खातं आणि तीनेक आठवड्यांत हृदयासकट नवं शरीर उगवतं. शेवाळातले हिरवे कण ती अंगात साठवते, उन्हावर चालणारे; कदाचित तेच त्या दिवसांत तिला तारत असावेत. आणि हे तरुण गोगलगायींनाच जमतं, म्हाताऱ्या मरतात. मी ते चार वेळा वाचलं. तिचा हेवा वाटला, खरंच. पण मग मांडीतून काढलेला एक टेंडन माझ्या गुडघ्यात हळूहळू लिगामेंटचं काम शिकतोय, याकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. फिजिओथेरपीचा कंटाळा त्या दिवसापासून गेला.

म्हणून खेळ आणि समुद्र हे माझ्यासाठी दोन छंद नाहीतच. शरीराला काय काय करता येतं, हे मला बघायचं असतं, आपल्यात आणि त्यांच्यात. ओहोटीला खडकांत टकटक ऐकू येते, ती पिस्तूल कोळंबीची. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो. आवाज नांगी आपटल्याचा नसतो, तो बुडबुडा कोसळल्याचा असतो. हे कळल्यावर कुणी शांत कसं बसेल? निवटी हा मासा, पण ती चिखलात उड्या मारते, ओल्या कातडीतून श्वास घेते. वांद्र्याच्या खाडीवरून रोज जाणारी किती माणसं तिच्याकडे बघतात?

व्हायचंय काय, याचं उत्तर असं, की प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा पुन्हा संघात आहे. दोन्ही सोडणार नाही.

उद्या द्वितीया. भरती दीडला, म्हणजे ओहोटी साधारण सव्वासातला. सरांनी सराव साडेपाचला ठेवलाय, पावणेसातला सोडणार आहेत, आणि तीन लहान मुली माझ्याबरोबर येणार आहेत. तुम्हालाही यायचं असेल तर घट्ट बूट घालून या, आणि डबक्यावर सावली पडू देऊ नका.