सुई टोचताना आईला बाहेर काढू नका

आमच्या धुळे-जळगावकडच्या वॉर्डांत एक जुनी रीत आहे. बाळाला सुई द्यायची म्हटलं की सिस्टर आधी आवाज देणार, "आईने बाहेर थांबा!" मग आई पडद्यापलीकडे पदर तोंडात धरून उभी आणि आत तिचं लेकरू टाहो फोडतंय. मी स्वतः सिस्टर आहे, ड्युटी नवजात विभागात. तरी ही रीत मला कधीच पटली नाही.

कारण काय सांगतात, तर आईला बघवत नाही, ती रडते, मध्येच हात धरते. खरं आहे. पण रडणाऱ्या आईला खुर्ची देता येते, पाणी देता येतं. बाळाकडे मात्र दुखणं कमी करायचा सगळ्यात हुकमी इलाज तीच असते, आणि आपण तिलाच दाराबाहेर काढतो.

"एवढ्याशा जिवाला काय कळतं?" हे घरच्या म्हाताऱ्या माणसांनी म्हटलं तर समजू शकते. पण 1980च्या दशकापर्यंत मोठमोठे डॉक्टरही हेच धरून चालत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं स्नायू सैल करणारं औषध देऊन, जुजबी भुलीवर उरकली जात. याला धक्का दिला तो डॉ. के. जे. एस. आनंद यांनी. त्यांचं एमबीबीएस इंदूरचं. आमच्या धुळ्याचा आग्रा रोड सरळ तिकडेच जातो, म्हणून उगाच जवळचे वाटतात. ऑक्सफर्डला असताना त्यांनी हृदयाजवळच्या रक्तवाहिनीचं ऑपरेशन होणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी काहींना फेंटानिल हे जोरदार वेदनाशामकही दिलं. त्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला, नंतरचा त्रासही कमी झाला. हे 1987 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उलट, वेदना दाबून धरणारी मेंदूची यंत्रणा नवजात बाळात अजून कच्ची असते, त्यामुळे त्याला दुखणं कमी होत असेल असं मानायला जागाच नाही.

दुखतंय हे चेहऱ्यावर दिसतं. साखर तपासायला टाच टोचली की आधी भुवया मध्ये ओढल्या जाऊन कपाळ फुगतं, मग डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांकडे खोल रेघ उमटते. रडणं त्याच्या मागून येतं. फार लवकर जन्मलेलं बाळ तर रडतही नाही, नुसतं ढिलं पडतं, आणि नातेवाईक म्हणतात, "बघा, किती शहाणं!" आणखी एक गोष्ट हातालाच कळते: टोचण्यापेक्षा रक्तासाठी टाच पिळणं जास्त दुखतं. म्हणून जास्त रक्त लागणार असेल तर सराईत हाताने शिरेतून घेतलेलं बरं. बधिर करणारं मलम टाचेवर फारसं चालत नाही.

तर इलाज असा. सुईच्या दोन-चार मिनिटं आधी बाळाला अंगावर घ्यायचं, नीट चोखायला लागलं की टोचायचं, आणि लगेच स्तन काढून घ्यायचा नाही. मांडी मोकळी असते, तिथे व्हिटॅमिन के आणि कावीळ-बीची लस होते. डावा दंड मोकळा ठेवला की बीसीजीही होते. ठसका लागेल ही भीती सगळ्यांना असते, पण अभ्यासांत तसं काही दिसलेलं नाही. आई ऑपरेशन थिएटरमध्ये असेल तर बाळाला बापाच्या उघड्या छातीवर ठेवा. आमच्याकडे बाप आधी लाजतो, मग सोडायला तयार होत नाही.

तेही जमत नसेल तर 25 टक्के डेक्स्ट्रोजचे, म्हणजे ग्लुकोजच्या गोड पाण्याचे थेंब दोन मिनिटं आधी जिभेच्या टोकावर, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. इथे एका आजीने मला पकडलं. "तेले दुखस का हो सिस्टर?" विचारलं, मी हो म्हटलं, थेंब दाखवले. त्यावर आजी विजयी मुद्रेने, "मंग आम्ही मध चाटाडत होतो, तेच ना हाई!" नाही आजी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, त्यातून बोटुलिझमसारखा जिवावरचा आजार होऊ शकतो. घुटी नको, गूळपाणी नको. आजीला पटलं की नाही कोण जाणे, पण मधाची बाटली पिशवीत गेली.

गोड थेंबांचं मलाही फार कौतुक नाही. 2010 मध्ये लंडनच्या संशोधकांनी बाळांच्या मेंदूतले तरंग मोजले. साखरेच्या पाण्याने चेहरा शांत झाला, पण मेंदूची प्रतिक्रिया कमी झाली नव्हती. यावर अजून वाद आहे. माझ्यापुरतं मी ठरवलंय, आधी आई, थेंब नंतर. छातीत नळी घालण्यासारख्या मोठ्या गोष्टींना तर वेदनाशामक औषधच हवं, तिथे गोडावर भागवू नये.

हातपाय पोटाशी घेऊन कापडात गुंडाळल्यानेही बाळ निवतं. फक्त आमच्या मे महिन्यात दुपट्यांची चळत चढवू नका, सुती फडकं पुरतं.

दीड महिन्याच्या लसींना उपकेंद्रात गेलात तर ताईंना आधीच सांगा, "मी पाजत असताना सुई द्याल का?" तोंडातून द्यायच्या लसींचे थेंब पहिले, सुया नंतर. रांग लांब असली तर काही ताई कुरकुर करतील. करू द्या, तुम्ही बाकावर बसून घ्या.