स्विमिंग पूलवर येणाऱ्या मधमाश्यांचं आम्ही काय केलं

नागावला आमच्या वाडीत चार खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. घराच्या मागच्या अंगाला, पोफळींच्या कडेला, छोटासा पूल आहे. एप्रिलमध्ये पाहुण्यांची सहा वर्षांची मुलगी पाण्यात उतरताना जोरात किंचाळली. पायरीवर ओली होऊन पडलेली मधमाशी तिच्या तळव्याखाली आली होती. सासूबाईंनी नखाने नांगी खरवडून काढली, बर्फ लावला, तासाभरात पोर परत खेळायला लागली. मला मात्र रात्रभर झोप नाही. एखाद्या मुलाला त्या विषाची ॲलर्जी असती तर?

दुसऱ्या दिवशी औषध फवारणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पोळं शोधून जाळून टाकू. आणखी कुणी सांगितलं, भांड्यांचा साबण पाण्यात मिसळून ठेवा. ते मी एका टबात करून पाहिलं. साबणाने पाण्याचा वरचा ताण मोडतो, त्यामुळे माशी टेकली की सरळ आत जाते. पाच मिनिटांत वीसेक माश्या बुडाल्या. पंख अंगाला चिकटलेले, पाय अजून हलत होते. आमच्या नारळांच्या पोयीवर सकाळी ज्या गुणगुणतात, त्याच या. टब तिथल्या तिथे ओतून दिला.

मग ओळखीच्या एका मधपाळ दादांना बोलावलं. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत ते शिकून आलेत. अर्धा तास ते पूलाशेजारी नुसते बसून राहिले. माश्या सगळीकडे येत नव्हत्या. पाणी उसळून जिथे कडेची खडबडीत लादी कायम ओली राहते, त्या एकाच कोपऱ्यात उतरत होत्या. "ही सातेरी जातीची माशी, वहिनी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी नेऊन पोळ्यात पसरवतात आणि पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. एकदा जागा सापडली की रोज तिथेच." मी आधी स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवलं होतं, त्याकडे एकही फिरकली नव्हती. त्याचं कारणही त्यांनी सांगितलं: माशी पाणी वासावरून ओळखते, आणि क्लोरीनचा, क्षारांचा वास तिला ओढतो.

त्यांच्या सांगण्यावरून घमेल्यात खडे भरले, वर गोणपाट अंथरलं आणि पूलाचंच पाणी चिमूटभर मीठ घालून ओतलं. घमेलं आधी त्याच कोपऱ्यात ठेवलं. माश्या गोणपाटावर बसायला लागल्यावर रोज दोन-तीन हात मागे सरकवलं, आणि सकाळी पूलावर ताडपत्री. बाराव्या दिवशी घमेलं विहिरीमागे पोचलं होतं आणि माश्याही. फक्त ते कोरडं पडता कामा नये. मे महिन्यात लग्नाला गेलो, दोन दिवस पाणी घालायचं राहिलं, आणि परत आलो तर सगळ्या पुन्हा लादीवर! चार दिवस नव्याने खपावं लागलं.

जूनचा त्रास वेगळा. पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी पाण्यातल्या पांढऱ्या दिव्यावर तुटून पडली. सकाळी स्कीमरची, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या जाळीची, टोपली काढली तर ओंजळभर नुसते पंख, कांद्याच्या पातळ सालीसारखे, बोटांना चिकटणारे. तेव्हापासून पूलाचे दिवे पिवळे केलेत, आणि पहिल्या पावसाच्या दोन-तीन संध्याकाळी दिवेलागणीपासून नऊपर्यंत बंदच ठेवतो. एक दिवा लांब, फाटकाजवळ लावतो. तिकडे जायचं ते जातं.

डासांसाठी मी उगाच पूलाला दोष देत होते. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) आणि पंप रोज चालू असेल तर त्या पाण्यात अळ्या होत नाहीत. त्या सापडल्या ताडपत्रीच्या घडीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात, वळवळणाऱ्या, पेलाभर पाण्यात शेकड्यांनी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर शनिवारी ताडपत्री, कुंड्यांच्या बशा, सगळं उलटं करून कोरडं करतो. विहिरीत गप्पी मासे सोडलेत.

या वर्षी घमेलं फेब्रुवारीतच भरून ठेवलं, माश्यांनी पूल शोधायच्या आधी. तरी सकाळी जाळी फिरवताना एखाद-दुसरी सापडतेच. तिला जास्वंदीच्या पानावर ठेवते. ऊन लागलं की पंख झटकते आणि जाते.