पान ६१ आणि आत्या

पुस्तक छापून आलं, गठ्ठे पलंगाखाली गेले, आणि पहिली प्रत खानापूरच्या आत्याला द्यायची हे तर कधीचं ठरलेलं. बेळगावच्या शहापुरातून खानापूर २५-२६ किलोमीटर, बसला बसलं की तासाभरात, पाव किलो कुंदा घेऊन जायचं, पाया पडायचं, झालं. पण चार दिवस झाले मी घरात बसून तिला पत्र लिहूलालोय. कारण पान ६१.

६१ वर आत्या आहे. नाव बदललंय हो, पण अवकाळी पावसात खळ्यावरच्या भातावर ताडपत्री ओढत "पाऊस पडूलालाय आणि तू काय बगूलालास गा?" म्हणून ओरडणारी बाई कोण ते आमच्या घरात कुणीही सांगेल. पुण्याहून प्रूफं आली तर त्या वाक्याला लाल पेन. "पाऊस पडतोय आणि तू काय बघतोयस?" वर समासात प्रश्नचिन्ह. मी हसलो, हे नंतर फोन करून सांगू म्हटलं, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या मारामारीत विसरूनच गेलो. आता आत्या पुस्तकात, खळ्यावर, भिजत, सदाशिव पेठेतलं बोलते.

तिला मोतीबिंदू, त्यामुळे वाचून दाखवणार नात. ती कन्नड मीडियमची, मराठी बोलते फाडफाड पण वाचताना एकेक अक्षर लावत जाते, म्हणजे "प-ड-तो-य" सगळ्यांना नीट ऐकू येणार आणि आत्या विचारणार, ही कोण गे बाई?

तर पत्रात काय लिहू? पहिल्या कागदावर माफी मागितली, ती फारच सरकारी झाली. दुसऱ्यावर सगळं प्रूफवाल्यावर ढकललं, ते खोटं, शेवटचं प्रूफ मीच सही करून पाठवलेलं. तिसऱ्यावर नुसतं, "आत्या, तुझं बोलणं माझ्याकडनं बिघडलं."

तेच ठेवलं. पत्त्यावर जिल्हा बेळगावच लिहिला, १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी असलं तरी पिन ५९१३०२ बरोबर आहे, पोस्टमन बघून घेईल. मग तिच्या प्रतीत पान ६१ उघडून छापलेलं वाक्य खोडलं आणि वर पेनने तिचं घातलं. शाई पलीकडच्या पानावर जराशी उतरली. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पोरगी अडायला नको.