आठ चौकटी, 41 शिंपले

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी गोव्यातल्या मांद्र्याचा किनारा निवडला, कारण तो घराजवळ. विषय होता डोनॅक्स: लाटा फुटून वर चढतात त्या पट्ट्यात, वाळूत राहणारे पाचरीच्या आकाराचे छोटे शिंपले. ते किनाऱ्यावर कुठे किती, एवढंच शोधायचं. 25 सेंटिमीटर बाजूची लोखंडी चौकट वाळूवर ठेवा, आतली वाळू खणा, चाळा, मोजा.

पहिला महिना फुकट गेला. सुरूच्या झाडांपासून टेपने अंतर मोजून मी जागा ठरवल्या होत्या आणि जायचे कॉलेज सुटल्यावर, पाणी असेल तसं. डोनॅक्सला माझ्या टेपशी काय देणंघेणं? भरती चढली की ते वर सरकतात, ओसरली की खाली. लाट आली की वाळूतून बाहेर पडायचं, तिच्यासोबत थोडं वाहायचं आणि पाणी परतायच्या आत पाय रोवून पुन्हा गडप. त्यात चाळण घरातली, गव्हाची. पिल्लं सगळी भोकांतून निसटत होती, हे मला गाईड मॅडमनी सांगितल्यावर कळलं. (ती चाळण आईने परत घेतली नाही.)

मग एक मिलिमीटरची चाळण आणली, अंतर पाण्याच्या कडेपासून मोजायला लागले आणि अमावस्या-पौर्णिमेची उधाणं धरली. डिसेंबरात उधाणाची मोठी ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. बाबा स्कूटरवर सोडायचे आणि टॉर्च धरून उभे राहायचे. शॅकमधली कुत्री आम्हाला ओळखायला लागली होती.

त्यातलीच एक पहाट. पाण्याच्या कडेला समांतर, वीस-वीस मीटरवर आठ चौकटी. सात पूर्ण रिकाम्या. पाचवीत 41. एका चौकटीचं क्षेत्र चौरस मीटरचा सोळावा भाग, म्हणजे तिथे चौरस मीटरला 656. आठांची सरासरी काढली तर 82. आणि 82 मला तिथे कुठेच सापडले नव्हते! चौकटींमधल्या आकड्यांच्या व्हेरियन्सला (आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत याचं माप) त्यांच्या सरासरीने भागलं तर उत्तर आलं 41. शिंपले कसेही विखुरलेले असते तर ते एकाच्या आसपास यायला हवं होतं; 41 म्हणजे ते झुबक्याने राहत होते.

आधी वाटलं, माझंच चुकलं. मॅडम म्हणाल्या, "चूक नाही, हाच तुझा निकाल. आता चौकटी जवळजवळ घे." पाचवीच्या दोन्ही बाजूंना मीटर-मीटरवर खणत गेले. तिसऱ्या मीटरनंतर शून्य. असे झुबके पुढे आणखीही सापडले, पण पुढच्या खेपेला त्याच जागी नसायचे.

घरी मात्र निराशा. "काय गो, एवढ्या पहाटे जाऊन तिसऱ्या वाटीभरसुद्धा नाहीत?" (तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले.) आईला किती वेळा सांगितलं, तिसऱ्या खाडीत मिळतात, आणि हे शिंपले फॉर्मॅलिनच्या बाटलीत आहेत. तिने बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, "ह्यांचं सुकंसुद्धा होणार नाही."