काळं पाणी आणि दडून बसलेला टॉम कीफर

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा अमेरिकेतला पहिला चित्रपट म्हणजे 1941 सालचा ‘स्वाम्प वॉटर’. खुनाचा आळ आलेला टॉम कीफर (वॉल्टर ब्रेनन) जॉर्जियातल्या ओकेफेनोकी दलदलीत लपलाय. हरवलेल्या कुत्र्याला शोधत आलेला तरुण बेन (डॅना अँड्र्यूज) त्याला सापडतो. मग दोघांचा सौदा ठरतो: सापळ्यात पकडलेल्या जनावरांची कातडी बेनने गावात विकायची आणि कीफरचा वाटा त्याच्या मुलीसाठी ठेवायचा. गावातलं प्रेमप्रकरण मात्र बेताचंच.

खरी गंमत पाण्यात आहे. कुजलेल्या पाल्यातल्या टॅनिन या तपकिरी द्रव्यामुळे ओकेफेनोकीचं पाणी गडद चहासारखं दिसतं, आणि संथ असलं की सायप्रसची झाडं त्यात लख्ख उमटतात. कृष्णधवल छायाचित्रणाला याहून काय हवं! पायाखाली पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असतो, काही ठिकाणी तो चक्क तरंगतो. म्हणून तिथे बेधडक पळता येत नाही, सपाट तळाची होडी आणि लांब काठीच कामाला येते.

प्रमुख नटांपैकी फक्त अँड्र्यूज प्रत्यक्ष दलदलीत गेला, बाकीच्यांचं काम हॉलिवूडच्या स्टुडिओत झालं. दलदल आणि स्टुडिओ यांच्यातला हा सांधा शोधायचा तर चेहऱ्यांच्या क्लोजअपमध्ये मागचं पाणी आणि उजेडाची दिशा बघा, लांबच्या दृश्याशी ते जुळत नाही. सर्पदंशाचा प्रसंग मात्र ब्रेनन एकहाती तोलतो; बेन कबर खणायला घेतो तरी तिथे आक्रस्ताळेपणा नाही. 1952 मध्ये हा चित्रपट काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओनेच हीच कथा रंगीत काढली, त्यातही फरारी ब्रेननच. पण आधी हा बघावा.