चहा बंद करून कर्ज फिटत नाही (आमच्या घराचा हिशोब)

कर्ज कसं फेडायचं यावर जेवढे व्हिडिओ पाहिले त्यात पहिला सल्ला ठरलेला, बाहेरचा चहा बंद करा, हॉटेल बंद करा, ओटीटी बंद करा. आता जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरसारख्या गावात राहणाऱ्या माणसाने काय बंद करायचं सांगा. आम्ही महिन्यातून एकदा कधीतरी शेवभाजी पार्सल आणतो, ती पण पाहुणे आले तर. घरात कळण्याची भाकरी, ठेचा, डाळ, हिवाळ्यात भरीत, यात कापायला जागाच नाही. आणि कापली तरी महिन्याला पाच-सातशे वाचणार. आमच्या डोक्यावर सव्वाचार लाखांच्या वर कर्ज होतं, नणंदेचं लग्न, अप्पांचं (म्हणजे सासऱ्यांचं) ऑपरेशन आणि एक वर्ष कापसाने मारलेलं, असं सगळं मिळून.

तर आम्ही काय केलं ते लिहितेय. पहिले एका वहीत प्रत्येक कर्जासमोर त्याचं वर्षाचं व्याज लिहिलं. हप्ता लिहायचा नाही, व्याज. गावच्या सहकारी विकास सोसायटीचं पीककर्ज १ लाख ४० हजार, पाटल्या गहाण ठेवून घेतलेलं गोल्ड लोन ८० हजार, फायनान्स कंपनीचं ६० हजार आणि गावातल्या एकाकडून शेकडा ३ ने घेतलेले दीड लाख. घरात सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं, तर सोसायटीचं, कारण तिथून नोटीस येते, गावात नाव होतं. आणि सगळ्यात कमी टेन्शन शेकडा ३ वाल्याचं, कारण तो माणूस गोड बोलतो, चहा पिऊन जातो, कागद मागत नाही.

वहीत मात्र उलटं निघालं. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज जवळजवळ शून्य पडतं. आणि शेकडा ३ म्हणजे महिन्याला शंभराला ३ रुपये, वर्षाला ३६ टक्के. दीड लाखावर महिन्याला साडेचार हजार, वर्षाला ५४ हजार, आणि एवढे देऊनही मुद्दल दीड लाख तसंच. आपण ‘तीन टक्के’ ऐकतो आणि बँकेच्या ‘बारा टक्क्यां’पेक्षा स्वस्त वाटतं, एक महिन्याचा आकडा आणि दुसरा वर्षाचा हे बोलताना कोणी सांगतच नाही. सावकारीचा कायदा आहे आपल्याकडे, २०१४ चा, लायसन लागतं, दर सरकार ठरवून देतं, आणि तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे करता येते. पण ज्याच्याकडे अडीअडचणीला परत जावं लागेल त्याची तक्रार कोण करतं हो, आम्ही पण नाही केली.

फायनान्सचं पण असंच. १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. फ्लॅट म्हणजे काय तर तुम्ही हप्ते भरत जाता, मुद्दल कमी होत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६० हजारांवरच. हाच दर बँकेच्या घटत्या पद्धतीने मांडला तर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. सही करायच्या आधी ‘फ्लॅट का रिड्युसिंग’ एवढे तीन शब्द विचारायचे, समोरचा लगेच नीट बसून बोलतो.

मग पाटल्यांचा विषय. माझ्या तीन तोळ्याच्या, माहेरच्या. गहाणच होत्या, म्हणजे हातात नव्हत्याच, आणि त्यांचं व्याज आम्ही भरत होतो. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला तेव्हा मी म्हटलं सोडवायच्या आणि मोडायच्या. घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. आई (म्हणजे सासूबाई) म्हणे, “सोनं मोडी नको, लोके काय म्हनतीन?” मी म्हटलं आई, लोकांना पाटल्या दिसतच नाहीयेत सध्या, त्या लॉकरमध्ये आहेत आणि लॉकर आपलं नाही. जळगावच्या सराफ बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो, मशीनवर कॅरेट बघितलं, घट किती धरतात ते प्रत्येकाला वेगळं विचारलं, आणि फरक निघतो बरं का, लाज न बाळगता विचारा. हातात अडीच लाखांच्या वर आले. त्यातून गोल्ड लोन व्याजासकट मिटलं आणि उरलेल्यात शेकडा ३ वाला पूर्ण. त्याच्याकडून चेक आणि सही केलेला कोरा स्टॅम्प परत घेतला, हे विसरू नका, पैसे दिले आणि कागद तिकडेच राहिला असं इथे खूप होतं.

सोनं वाढतंय तर ठेवायला पाहिजे होतं असं अजून नातेवाईक म्हणतात. वाढेलही. पण वर्षाला ३६ टक्के सोनं दरवर्षी वाढेल असं मला कोणी लिहून देत असेल तर बोला.

खर्चात दोनच ठिकाणी मोठा फरक पडला. पहिला यांचं अप-डाऊन. हे जळगावला एमआयडीसीत दालमिलमध्ये अकाउंट बघतात, रोज बाईकने जायचे, रेल्वे उशिरा येते म्हणून. रेल्वेचा महिन्याचा पास दोन-तीन दिवसांच्या पेट्रोलच्या पैशात निघतो. स्टेशनवरून पुढे शेअर रिक्षा. वेळ जातो, चिडचिड होते, गाडी धरणगावला थांबली की फोन येतो, पण महिन्याला चार-साडेचार हजार वाचतात, ते चहा बंद करून वाचले असते का?

दुसरं आहेर. याच्यावर मला जरा जास्तच बोलायचंय. आपल्या खान्देशात लग्न म्हटलं की टॉवेल-टोपी, शाल-नारळ आणि साड्या. मी दिलेली साडी तिने पुढे दिली, तिने दिलेली मी पुढे दिली, मागे एका लग्नात मला माझीच साडी परत आली, पिनासकट. कोणी नेसत नाही. टोप्या तर कपाटात थप्पीने पडल्यात. उन्हाळ्याच्या एका सिझनला भाऊबंद, सोयरे, शेजारी मिळून आमचे पंधरा-वीस हजार यात जायचे, आणि ते कधी ‘खर्च’ म्हणून वहीत यायचेच नाहीत कारण ते ‘व्यवहार’ असतात. आम्ही घरात बसून ठरवलं, सख्खं लग्न असेल तरच कपडे, बाकी सगळीकडे १०१ चं पाकीट आणि आम्ही पण कोणाकडून घ्यायचं नाही. दुसरा भाग महत्त्वाचा आहे, नाहीतर लोक बोलतात. बोलले तरीही. अप्पांच्या चुलतभावाने भर मांडवात टोमणा मारला. पण नंतर त्यांच्याच सुनेने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, वहिनी तुम्ही कसं जमवलं, आमच्याकडे पण सांगा ना.

जिथे कापलं नाही ते पण सांगते. कूलर. मे महिन्यात इकडे ४४-४५ डिग्री असतं, घरात म्हातारं माणूस, तिथे काटकसर करून दवाखाना मागे लावून घ्यायचा का. लाईट बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी असतो आणि त्याच्या वर गेलं की एकदम वाढतो, म्हणून बाकीचे महिने शंभरच्या आत राहायचं बघतो, जुने पंखे बदलून कमी वॅटचे दोन घेतले. उन्हाळ्यात मीटरकडे बघतच नाही. आणि वर्षाचं गहू-ज्वारी-तूरडाळ सिझनला एकदम भरतो, ते आधीपासूनच होतं, त्यात माझं काही श्रेय नाही.

आता कमाई. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक बाई पापड, कुरडया, शेवया, बिबड्या (ज्वारीचे पापड) करते. स्वतःच्या घरचं तर करतेच, वर पुण्याच्या दिराला, सुरतच्या मावसबहिणीला, नाशिकच्या भाच्याला डबे भरून पाठवते. फुकट. तीन दिवस गहू भिजवायचा, चीक काढायचा, पहाटे चारला चूल पेटवून हाटायचा, गच्चीवर कुरडया पाडायच्या आणि मग ‘अरे वा वहिनी तुमच्या हाताची चवच वेगळी’. चवीचे पैसे कोणी देत नाही. सुरतला उधना-लिंबायत भागात आपली खान्देशी माणसं गच्च भरलेली आहेत, पुण्यात इंजिनिअर पोरं आहेत, त्यांना बिबड्या पाहिजे असतात आणि तिकडे तसं ऊनही नाही आणि गच्चीही नाही. हे ४५ डिग्री ऊन म्हणजे आमचं फुकटचं भांडवल, बिबड्या एका दिवसात खणखणीत वाळतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर दर टाकले. दर काढताना ज्वारी, तीळ, लसूण, मिरची, गॅस, पिशवी आणि मजुरी, मजुरी धरलीच. शेजारच्या दोन बायका सोबत घेतल्या, त्यांना किलोमागे देते. दिराचा मेसेज आला, “आपल्याच घरात पैसे?” हो दादा, आपल्याच घरात कर्ज पण आहे. त्याने आठ दिवस रुसून मग चार किलोची ऑर्डर दिली, त्याच्या ऑफिसातल्या लोकांची धरून. अन्न परवान्याची साधी नोंदणी ऑनलाइन काढली, आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या मांड्यांची ऑर्डर घेतो, ते मात्र आईंचं काम, माझा मांडा अजून हातावर फाटतो. पावसाळ्यात हे सगळं बंद, तेव्हा काळा मसाला, नंदुरबारची मिरची आणून. सिझनमध्ये खर्च वजा जाऊन महिन्याला दहा-बारा हजार राहतात, बाकीच्या महिन्यांत तीन-चार. माझे लाडकी बहीणचे १५०० आणि अप्पांचे शेतकरी सन्मानचे हप्ते वेगळ्या खात्यात, त्याला हात लावत नाही, ते फक्त मार्चसाठी.

मार्च म्हणजे सोसायटीचं नवं-जुनं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मार्चमध्ये पीककर्ज भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं. भरायला पैसे नसतात म्हणून लोक आठ-पंधरा दिवसांसाठी त्याच शेकड्यावाल्याकडून उचलतात, म्हणजे शून्य टक्क्याचं कर्ज टिकवायला ३६ टक्क्याचं घ्यायचं. यंदा आम्ही बाहेरून एक रुपया न घेता भरलं आणि नवीन उचलताना ४० हजार कमी उचलले.

याच्यावर अप्पांशी भांडण आहेच. त्यांचं म्हणणं, “भरू नको, माफी व्हई.” २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला दोन लाखापर्यंत झाली, त्यांचं काही अगदीच चूक नाही, आणि गावात जो भरत नाही त्याला हुशार म्हणतात हेही खरं. पण थकबाकीत गेलं की व्याजाची सवलत जाते, नवीन कर्ज बंद, आणि पेरणीला परत तोच गोड बोलणारा माणूस. नियमित भरणाऱ्यांना पण ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं होतं, ते त्यांना आठवण करून दिलं तर म्हणे ते कितीशे. शिवाय माफी पीककर्जाची होते, फायनान्सच्या हप्त्याची कोणी करत नाही.

आता फायनान्सचं थोडं राहिलंय आणि सोसायटी एक लाख. हे म्हणताहेत शेवयांचं मोठं मशीन घेऊ, सूक्ष्म अन्न प्रक्रियावाल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के सबसिडी आहे. आहे, मी पण चौकशी केलीय. पण बाकीचे ६५ टक्के मुख्यतः बँकेचं कर्जच आहे ना. सध्या मी नाही म्हटलंय, दिवाळीपर्यंत ऑर्डरी किती येतात ते बघू, तोपर्यंत शेजारच्या ताईंचं मशीन भाड्याने चालू आहे आणि त्या तासाप्रमाणे घेतात, परवडतं.